साच्यावरचा माणूस

(तरुण चित्रकारांच्या बैठकीत केलेले भाषण)

तुम्ही मला बोलावलंत ते एका जुन्या चित्रासाठी. मूठ वर केलेला गिरणी कामगार, त्याच्या पाठीमागे साचा, कोपऱ्यात धुराडं. 1982 साली एका अनियतकालिकाच्या मुखपृष्ठावर ते छापलं होतं. तुमच्यातल्या कुणाच्या तरी घरात तो अंक निघाला. तुम्ही फोनवर फोटो काढलात आणि मला म्हणालात, ‘काका, हाच ब्लॉक द्या. पोस्टर करायचंय. नवीन काही नको, हेच जबरदस्त आहे.’

तर आधीच सांगून टाकतो. ब्लॉक आणलाय. या पिशवीत आहे. पण पोस्टरसाठी देणार नाही. का देणार नाही, एवढंच सांगायला उभा राहिलोय. भाषण करणं हा माझा धंदा नाही. मी बोर्ड रंगवणारा माणूस. लालबाग-परळच्या दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरलं आणि रात्री बल्बखाली बसून लिनो कापले. कलावंत वगैरे शब्द मला जड जातो. पण चाळीस-बेचाळीस वर्षं एकच चित्र पुन्हा पुन्हा काढतोय आणि ते अजून जमलेलं नाही. या एका गोष्टीवर बोलायचा अधिकार मला आहे, असं मी धरून चालतो.

लिनो म्हणजे काय, ते नव्या पोरांना सांगायला पाहिजे. जवसाचं तेल घट्ट करायचं, त्यात बुचाची भुकटी मिसळायची, ते गोणपाटावर थापायचं. 1860 नंतर इंग्लंडात निघालेली ही वस्तू. साहेबाच्या बंगल्यात, आगबोटीत जमिनीवर अंथरायची. साहेबाच्या पायाखालची ही चीज आमच्या हातात आली ती गरिबीमुळे. अनियतकालिक काढायचं तर खिशात दमड्या नाहीत. चित्र छापायला जस्ताचा ब्लॉक करून घ्यायचा, तर त्या पैशात निम्म्या अंकाचा कागद येतो. मग दारूखान्यात भंगारवाल्याकडून लिनोचे तुकडे आणायचे, लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवायचे, खिळ्यांच्या उंचीला आणायचे आणि ट्रेडलवर मजकुराबरोबर छापायचे. हत्यारं घरचीच. छत्रीच्या काडीला मधे पन्हळ असते. ती काडी तोडून, टोक दगडावर घासून, लाकडाच्या मुठीत ठोकली की झालं. माझं पहिलं हत्यार बाच्या मोडक्या छत्रीचं होतं.

लिनोत दोन गोष्टी पक्क्या. एक, जे कापलं ते पांढरं, जे राहिलं ते काळं. कापलेलं परत चिकटत नाही. कॅनव्हासवाल्याचं चुकलं तर तो वरून रंग फासतो. आपल्याला ती सवलत नाही. दुसरी गोष्ट, सगळं उलटं कापायचं. ब्लॉकवरचा डावा हात कागदावर उजवा होतो.

आता 1982. संप 18 जानेवारीला सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. भोंगे बंद. गिरणगावात सकाळी एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. मी पंचविशीत होतो. डोक्यात आग. मुखपृष्ठ माझ्याकडे आलं. मला वाटलं, कामगार काढायचा तर तो माझा बापच. छत्तीस वर्षं गिरणीत घासलेला माणूस माझ्या घरात बसलेला आहे, दुसरा कशाला शोधू? तीन रात्रींत ब्लॉक कापला.

प्रूफ घेऊन घरी आलो. बी.डी.डी. चाळीतली आमची खोली, 160 चौरस फूट, त्यात आम्ही सात माणसं. बा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं कागद दिव्याखाली धरला. बराच वेळ बघितलं.

‘ह्यो कोन?’

‘तूच की, बा.’

त्यानं पुन्हा बघितलं. मग म्हणाला, ‘बोट चुकलं लेका. आन् साच्यावर मला कवा कुनी हुबं केलं?’

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बाच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं पेर रिंगमध्ये गेलं होतं. मी ब्लॉकवर डाव्याच हाताला ते तुटकं बोट कापलं. उलटं करायचं विसरलो. छापल्यावर ते उजव्या हाताला आलं, उगारलेल्या मुठीत. ही झाली कारागिराची चूक. दुसरी चूक कारागिराची नव्हती.

बा 1946 साली सातारा जिल्ह्यातून मुंबईला आला आणि त्रासन खात्यात लागला. त्रासन, रिंग, म्हणजे सूतकताई. साचा खात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त. पण तिथं आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घालणार आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घेणार. म्हणजे ओठ धोट्याला लागणार. त्याच धोट्याला नंतर दुसऱ्याचे ओठ लागणार. एवढ्या एका भोकापायी आपल्याला अख्खं खातं बंद! लाल बावटा खांद्यावर घेतलेल्या माणसाला आपला उष्टा धोटा चालत नव्हता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न लावून धरला होता. बा आला तो त्यानंतर अठरा वर्षांनी. त्याच्या गिरणीत तेव्हाही तीच रीत होती. पुढं काळ बदलला, रीत ढिली पडली. पण बाची उमेदवारी ज्या खात्यात गेली, त्याच खात्यात त्याची हाडं झिजली.

हे मला माहीत नव्हतं का? होतं. लहानपणापासून ऐकलं होतं. मीच तावातावानं त्यावर बोलायचो. मग चित्रात बाला साच्यावर कुणी उभं केलं?

फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत मला एक फाटकं चित्रांचं पुस्तक मिळालं होतं. केटे कोलविट्स नावाच्या जर्मन बाईचं. तिची सहा चित्रांची मालिका आहे, विणकरांच्या उठावावर. 1844 साली सायलेशियातले विणकर उठले. त्यावरचं नाटक तिनं 1893 साली बर्लिनमध्ये पाहिलं आणि पुढची चार वर्षं ती त्या सहा चित्रांना भिडली. सगळी धातूच्या पत्र्यावर करायची होती, पण हात बसेना, म्हणून पहिली तीन दगडावर केली. 1898 साली प्रदर्शनात तिला पदक द्यायची शिफारस झाली आणि कैसरनं ते नाकारलं. असली बाई! मी त्या चित्रांनी वेडा झालो होतो. त्यातला काळोख, त्या वळलेल्या मुठी, ते माग. मी माझ्या बापाला उचलला आणि सायलेशियात नेऊन उभा केला. कामगार म्हटला की माग पाहिजे, साचा पाहिजे. सगळ्या पोस्टरांवर तोच असायचा, म्हणून माझ्याही.

आणि मित्रांनो, ज्या खात्याच्या दारातून जातीनं माझ्या बापाला परत पाठवलं, त्या खात्यात मी त्याला चित्रात फुकटात भरती करून टाकलं. त्याच्यावर झालेला अन्याय मी तीन रात्रींत पुसला. तोही क्रांतीच्या नावानं.

बानं विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं, ते सांगायला आजही जीभ अडखळते. मी म्हणालो, ‘बा, तुला नाही कळायचं. हे प्रतीक आहे.’

बानं कागद दुमडला नाही, फाडला नाही. माझ्या हातात परत दिला आणि तंबाखू आणायला खाली उतरला.

त्या काळात आम्ही प्रस्थापित समीक्षकांना शिव्या घालायचो. का? तर ते म्हणायचे, तुम्हाला कला कळत नाही. तुमचं सगळं भडक, बटबटीत, कच्चं. आम्ही सभा घेऊन त्यांची सालटी काढली. आणि घरी येऊन तेच वाक्य मी माझ्या बापाला ऐकवलं, त्याच्याच चित्राबद्दल. पुण्या-मुंबईच्या विद्वानांना निदान आपण उत्तर तरी देत होतो. बानं मला उत्तर दिलं नाही.

बा 1989 साली गेला. संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. त्यामुळं तो तसा संपावर असतानाच गेला, असं मी मानतो.

1991 साली मी हा ब्लॉक पुन्हा हातात घेतला. ठरवलं, चूक दुरुस्त करायची. साचा काढून टाकायचा. रात्रभर बसून पाठीमागचा सगळा साचा कापून काढला. सकाळी छापून बघतो तर बा पांढऱ्या फटक पोकळीत उभा. मागं काही नाही, पायाखाली काही नाही. मूठ तशीच. बोट चुकलेलंच. साचा काढला की खरं चित्र आपोआप दिसेल, असं मला वाटलं होतं. खोटं काढून टाकल्यानं खरं येत नाही, खड्डा पडतो. बघा, हा तो ब्लॉक. फिरवा सगळ्यांत. तुम्हाला हवं ते चित्र यात आता नाहीच. मागितला असतात आणि मी आनंदानं दिला असता, तरी तुमचं पोस्टर यातून निघालं नसतं.

त्या दिवसापासून मी जुन्या कामाला हत्यार लावणं सोडलं. जुनं चित्र आपला कबुलीजबाब असतो. त्यात खाडाखोड करायची नाही. त्याला उत्तर द्यायचं असेल तर नवा ब्लॉक घ्यायचा.

आता परत त्या जर्मन बाईकडे जातो. तिचा नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर. धाकटा पोरगा पेटर. 1914 साली महायुद्ध सुरू झालं आणि अठरा वर्षांचा पेटर स्वखुशीनं भरती व्हायला निघाला. वयामुळं बापाची परवानगी लागणार होती. बाप तयार नव्हता. या बाईनं नवऱ्याची समजूत घातली. ऑक्टोबरात पोरगा बेल्जियममध्ये मेला. युद्धाला जेमतेम तीन महिने झाले होते.

तिनं त्याचं स्मारक करायला घेतलं. पहिल्या आराखड्यात पोराचं शरीर आडवं पसरलेलं, डोक्याशी बाप, पायाशी आई. करत राहिली. जमेना. 1919 साली काम सोडून दिलं. मधल्या काळात युद्धावर सात लाकूडठसे कापले. त्यात रणांगण नाही, वीर नाहीत. मागं राहिलेली माणसं आहेत. मग पुन्हा स्मारकाकडे वळली. 1932 साली ते बेल्जियमच्या दफनभूमीत उभं राहिलं. अठरा वर्षं लागली, म्हणजे पोरगा जेवढा जगला तेवढीच. आणि त्यात पोरगाच नाही! फक्त आई आणि बाप, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकलेले. बापाला तिनं नवऱ्याचा चेहरा दिला, आईला स्वतःचा. पोराचं मरण तिनं पाहिलं नव्हतं. मागं उरणं तेवढं पाहिलं होतं. शेवटी तिनं तेवढंच कोरलं.

हे मी कितीतरी वर्षांपूर्वी वाचलं होतं. पण डोक्यात शिरलं फार उशिरा.

कारण मधे मी आणखी एक मूर्खपणा केला. 2004 साली दुसरा ब्लॉक कापला. म्हटलं, आता साचा नको, रिंग काढू. कुठून तरी फोटो मिळवला, एकेक चाती मोजून कापली. बोट या वेळी बरोबर हातावर आलं. बाच्या खात्यातला एक म्हातारा चाळीत होता, त्याला नेऊन दाखवलं. या वेळी मात्र विचारायला गेलो होतो, शिकवायला नाही. तो म्हणाला, ‘मशीन झ्याक हाय. पन हितं गरमी कुठाय? खिडक्या बंद, वाफ सोडल्याली, सूत तुटू नये म्हून. मानूस उकडून निघायचा. कापूस नाकात, घशात. तू आत कवा आला हुतास का?’

नव्हतो आलो. कामगाराच्या पोराला गेटच्या आत कोण सोडतो? गिरणी मी कधी आतून बघितलीच नव्हती. बाचं आयुष्य ज्या जागेत गेलं, त्यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा परक्या चित्रातून काढलं, दुसऱ्यांदा परक्या फोटोतून.

मग चाळीच्या पुनर्विकासात खोली रिकामी करायची वेळ आली. ब्रिटिशांनी 1920 च्या दशकात बांधलेल्या चाळी, शंभर वर्षांचा संसार. फळीवरचे डबे खाली उतरवले तर डब्यांखाली कागद. तेच मुखपृष्ठ! उरलेली पानं मी घरी आणून टाकली होती, जाड कागद होता, आईनं फळीला अंथरला. तेलकट, काळा पडलेला. मुठीवर डब्याच्या बुडाचं गोल वळं. मला हसू आलं आणि तिथंच खाली बसलो.

आई त्या चित्रात कुठंच नव्हती. आईला मी कधी विचारलंही नव्हतं, कसं झालंय म्हणून.

आणि तिथं, त्या उंबऱ्यापाशी बसल्यावर मला आठवलं. बा पाळीवरून आला की आई त्याला उंबऱ्यावर बसवायची. आत घ्यायची नाही. त्याच्या केसांतला, भुवयांतला, कानातला, मानेवरचा कापूस वेचून काढायची. एकेक तंतू. पोरांच्या अन्नात कापूस नको, म्हणायची. मग तोंड धुणं, मग च्या. मी वीस वर्षं रोज हे पाहिलं आणि एकदाही कागदावर घेतलं नाही. का? त्यात संघर्ष दिसत नव्हता! मूठ नव्हती, धुराडं नव्हतं.

आणखी एक आठवलं. संप लागल्यावर सुरुवातीचे काही आठवडे बा पाळी सुटायच्या वेळेला उंबऱ्यावर येऊन बसायचा. सवय. आई बाहेर यायची आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. कापूस नसायचा. तरी थोडा वेळ बोटं केसांत शोधत राहायची. मग काही न बोलता आत जायची. अडीच लाख कामगारांचा संप माझ्या घरात असा दिसत होता. माझ्यापासून पाच हातांवर. आणि मी बल्बखाली बसून सायलेशिया कापत होतो.

आता मी दोन ब्लॉक करतोय. पहिल्यात उंबरा, बा, आई, कापूस. लिनोत हे सोपं जातं. हत्याराचं टोक नुसतं टेकवलं की पांढरा तंतू उमटतो. तो ब्लॉक झालाय. दुसऱ्यात तेच दोघं, तोच उंबरा, कापूस नाही. तो जमत नाहीये. तीनदा कापला. एकदा वाटलं, आई आशीर्वाद देतेय. एकदा वाटलं, डोकं दुखतंय म्हणून चेपतेय. जे नाही ते शोधणारी बोटं कशी कापायची, हे मला अजून सापडलेलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. हात कापतो. शिवाय माझ्याकडचा लिनो जुना, दगड झालेला. उन्हात ठेवून, नाहीतर इस्त्री फिरवून मऊ करावा लागतो, तेव्हा कुठं हत्यार चालतं. पण चौथा तुकडा कालच गच्चीवर उन्हात ठेवलाय.

आता तुमच्या पोस्टरचं. मुठीला माझा विरोध नाही. मी उगारलीय, पोलिसांच्या काठ्याही खाल्ल्यात. ज्यांनी उगारली त्यांची जरूर काढा. पण दुसऱ्याची मूठ आपल्या बापाच्या खांद्याला चिकटवू नका. साचा या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एकावर कापड निघतं, दुसऱ्यातून एकसारखी माणसं निघतात. पहिल्यावर आपल्याला येऊ दिलं नाही. दुसऱ्यात आपण आपल्या पायांनी जाऊन बसतो.

आणि जुनं काम फेकू नका. लाज वाटली तरी फेकू नका. चित्तप्रसाद नावाचा मोठा लिनो कापणारा माणूस याच मुंबईत, अंधेरीला राहिला. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूरला फिरून त्यानं चित्रांची पुस्तिका काढली. इंग्रज सरकारनं प्रती जप्त करून नष्ट केल्या. त्याच्या घरच्यांनी एक प्रत जपली होती, म्हणून आज आपल्याला ती बघता येते. आपल्यासाठी कुठलं म्युझियम थांबलंय? आपली भिंतीवरची चित्रं पावसानं धुतली, पोस्टरं महापालिकेनं फाडली, ब्लॉक प्रेसच्या भंगारात गेले. आपलं खरंही आपल्यालाच जपायचंय आणि आपलं खोटंही. पुढच्या पोरांना कळलं पाहिजे, आपण कुठं चुकलो होतो.

म्हणून माझं म्हणणं असं. ते 1982 चं मुखपृष्ठ तुम्ही प्रदर्शनात जरूर लावा. खाली लिहा, हे चित्र ज्याचं आहे त्यानं ते नाकारलं होतं. शेजारी हा खराब केलेला ब्लॉक ठेवा. शेजारी रिंगवालं. शेजारी कापूसवालं. आणि त्यापुढं एक चौकट रिकामी सोडा. पोस्टरसाठी कापूसवालं चित्र फुकट देतो. मूठ नाही म्हणून चालणार नसेल, तर तसं सांगा, मी रागावणार नाही.

चौथा ब्लॉक कापून झाला की पहिलं प्रूफ घेऊन तुमच्याकडे येईन. तुमच्या घरात कुणी गिरणीत काम केलेलं म्हातारं माणूस असेल तर त्याला घेऊन या. बायांना आधी आणा. कागद त्यांच्या हातात देऊ, दिव्याखाली धरू. चुकलं असेल तर त्या सांगतील. आणि या वेळी मी गप्प बसून ऐकेन.

जय भीम.